पर्चेसला कधी कळतं?

प्रिय मित्रा,

खरेदी विभागाची सूत्रं तुझ्याकडे आली, अभिनंदन. वर्षभरात विभागाचं रूप पालटून दाखव, असं तुला सांगितलं गेलंय. तुझा आराखडा वाचला. त्यात पहिलं काम नवं सॉफ्टवेअर आणि दुसरं सगळ्या सप्लायरना सरसकट दर कमी करण्याचं पत्र. दोन्ही तूर्त बाजूला ठेव.

आधी एक साधा रिपोर्ट काढ. गेल्या वर्षातलं प्रत्येक बिल घे आणि बिलाच्या तारखेशेजारी पीओची (खरेदीच्या ऑर्डरची) तारीख मांड. जिथे पीओ बिलाच्या नंतरचा आहे, तिथे ती खरेदी तुमच्या विभागाने केलेलीच नाही. कुणीतरी फोनवर माल मागवला आणि कागद पुरे करायला तुमच्याकडे आला. मग दुसरा रकाना: इन्डेंट (विभागाचं मागणीपत्र) आलं तेव्हा माल हातात पडायला किती दिवस दिले होते, आणि त्या मालाचा खरा लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ) किती. सहा आठवडे लागणारी वस्तू दहा दिवसांत हवी असेल, तर तीन कोटेशनं मागवणं हा नुसता उपचार. ज्याच्याकडे माल तयार असेल, तो म्हणेल तो दर.

हा रिपोर्ट हातात आला की बहुतेक तुझ्या लक्षात येईल की तुझी माणसं घासाघिशीत कच्ची नाहीत, त्यांना कळतंच फार उशिरा. विभाग सुधारायचा म्हणजे ही वेळ अलीकडे ओढायची. माझ्या मते बाकीची बरीचशी कामं त्यानंतरची.

सगळ्यात जास्त पैसा स्पेसिफिकेशनमध्ये अडकलेला असतो. ड्रॉइंगवर एकाच कंपनीच्या पार्टचा नंबर छापला गेला की तुझा बायर वाटाघाटी कशाच्या जोरावर करणार? टॉलरन्स (मापात चालणारा फरक) गरजेपेक्षा कडक, जवळपास सारख्याच बोल्टचे पाच प्रकार, खास मापाचं पॅकिंग: हा खर्च पर्चेसपर्यंत पोचण्याआधीच ठरून गेलेला असतो. ड्रॉइंग पक्कं होण्याआधी तुझा माणूस त्या बैठकीत बसला पाहिजे. परिपत्रक काढून हे साधत नाही. आमंत्रण आलं तरी पहिल्या बैठकीत चहापलीकडे काही विचारत नाहीत. डिझाइनवाल्यांकडे नसलेली माहिती तुमच्याकडे असेल, तेव्हाच ते स्वतःहून हाक मारतात: कुठला पार्ट बंद होणार आहे, कुठल्या सप्लायरकडे मशीन रिकामं आहे, कुठल्या मापाचं मटेरियल बाजारात सहज मिळतं. ही माहिती टेबलावर बसून मिळत नाही. म्हणून बायरना प्लांटनुसार नव्हे तर मालाच्या प्रकारानुसार वाटून दे, आणि सप्लायरच्या कारखान्यात पाठव. एकाच माणसाकडे कास्टिंग, पॅकिंग आणि कॉम्प्युटर असतील तर त्याचा दिवस फॉलोअपच्या फोनमध्येच जाणार.

सगळ्या वस्तूंवर सारखी मेहनतही नको. पीटर क्राल्जिक यांनी 1983 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त खरेदीची चार कप्प्यांची मांडणी केली: एका बाजूला नफ्यावर होणारा परिणाम, दुसऱ्या बाजूला पुरवठ्यातली जोखीम. ती सगळ्यांना पाठ असते, पण स्वस्त तरीही अडवून धरणाऱ्या वस्तूंच्या कप्प्याकडे कुणी बघत नाही, कारण खर्चाच्या यादीत त्या शेवटी येतात. फेब्रुवारी 1997 मध्ये आयसिन सेइकी या जपानी सुट्या भागांच्या कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह तिथे बनायचा आणि टोयोटाची जवळजवळ सगळी भिस्त त्यावर होती. साठा अगदी थोडा, त्यामुळे जपानमधल्या टोयोटाच्या असेंब्ली लाइन्स थांबल्या. पण दर ठरण्याची वाट न पाहता इतर सप्लायरनी मिळेल त्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यांत शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती. काही दिवसांतच लाइन्स पुन्हा सुरू झाल्या. असे एकाच ठिकाणाहून येणारे तुझे पार्ट कोणते, याची यादी आहे का तुझ्याकडे?

आता दर कमी करण्याच्या त्या पत्राकडे येतो. 1992 मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदीची धुरा इग्नासियो लोपेझ यांच्याकडे आली. त्यांनी चालू करार मोडीत काढून पुन्हा बोली मागवल्या. बचत मोठी झाली, पण सप्लायरांचा विश्वास उडाला तो पुढे कैक वर्षं सावरला नाही. साधारण त्याच काळात क्रायस्लरने ‘स्कोअर’ नावाचा कार्यक्रम राबवला आणि सप्लायरकडूनच सूचना मागवल्या: खर्च कुठे कमी होईल, आमच्या कुठल्या पद्धतीमुळे तो वाढतो? तुला पत्र पाठवायचंच असेल तर हे विचारणारं पाठव. पहिलं उत्तर बहुधा येईल, ‘आमचं बिल वेळेवर द्या.’ पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल यांचा मेळ न बसल्यामुळे पेमेंट अडकतं, आणि त्या थांबण्याची किंमत सप्लायर पुढच्या दरात गुपचूप धरतो.

बचत कशाला म्हणायचं, हे मात्र पहिल्याच महिन्यात फायनान्सबरोबर बसून लिहून घे. पर्चेसने दाखवलेली बचत ताळेबंदात सापडत नाही, हा जुना वाद आहे आणि दरवेळी फायनान्सच जिंकतं. नुसत्या दरावर बायरला जोखलंस तर तो कमी दर मिळावा म्हणून सहा महिन्यांचा माल उचलेल, आणि तो ठेवायला स्टोअरमध्ये जागा शोधत बसावं लागेल.

स्टेशनरी आणि किरकोळ माल रेट कॉन्ट्रॅक्टवर (आधी ठरलेल्या दराच्या करारावर) टाक, विभागांना परस्पर मागवू दे, अधूनमधून तपास. त्यात डोकं घालू नकोस. सॉफ्टवेअर घे, पण व्हेंडर मास्टर (सप्लायरची मूळ यादी) साफ करून. एकाच सप्लायरचे तीन कोड असतील तर नवी प्रणाली ते तिन्ही इमानाने सांभाळेल.

तो तारखांचा रिपोर्ट मोठ्या मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवू नकोस. ज्या विभागाचे पीओ उशिराचे आहेत, त्याच्या प्रमुखाला एकट्याला भेट. प्रॉडक्शनवाले लगेच म्हणतील, ‘तुमच्याकडे इन्डेंट पाठवलं की पंधरा दिवस तिथेच पडून राहतं.’ त्यात तथ्य असू शकतं. म्हणून भेटीला जाण्याआधी इन्डेंट तुमच्या टेबलावर किती दिवस राहतं तेही मोज, आणि आकडा वाईट निघाला तरी सोबत ने.

तुझा हितचिंतक