माप उभ्यानं, काम बसून

प्रश्न : काकू, मी खानापूरची. गेल्या महिन्यात बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाच्या कामाला लागले. आजवर घरीच शिकवण्या घेत होते, त्यामुळे कपडे सगळे हौसेनं स्वतः शिवलेले. खणाचे तीन कुर्ते, आईच्या जुन्या इरकलीचा घेरदार अनारकली, मोठ्या फुलांचे कॉटनचे फ्रॉक, नेफ्याच्या पँटी. पहिल्या दिवशी इरकलीचा ड्रेस घातला तर शेजारच्या मॅडमनी विचारलं, ‘मदुवी ऐतेन्री?’ लग्न आहे का म्हणून! साहेब ‘जरा फॉर्मल’ एवढंच बोलले. शिवाय संध्याकाळपर्यंत काखेत काचतं आणि कुर्ता सारखा वर चढतो. सगळं कपाटात ठेवून गणपत गल्लीतून रेडिमेड आणू का? मन होत नाही.

उत्तर : अगं, मॅडमचं नंतर बघू. आधी काखेचं.

मी शहापुरात पंचवीस वर्षं शिवणक्लास घेतला, त्याआधी चार वर्षं एका ऑफिसात टायपिस्ट होते. पहिल्या पगारात पोपटी ब्लाऊजपीस घेतला आणि अगदी अंगाबरोबर शिवला. दुसऱ्या ओळीला टाइपरायटरचा गाडा सरकवायला डावा हात पुढं केला, तर पाठीत मुंढ्यापाशी, बाही जोडतो तिथं, टर्र! भर मे महिन्यात दिवसभर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसले. ब्लाऊज आरशासमोर उभं राहून घालून बघितला होता ना, तिथं छानच बसला होता.

तेव्हापासून ऑफिसच्या कपड्याचं माप मी बसवून घेते. लाकडी स्टुलावर बस आणि टेप सीटभोवती, म्हणजे तुझ्या नितंबांभोवती, फिरव. उभ्या मापापेक्षा इंच-दोन इंच जास्त भरेल, कुर्त्याला तेच धर. कमरेला दोरी बांध, बसल्याबसल्याच दोरीपासून स्टुलापर्यंत बाजूनं माप घे, त्यात पाऊण इंच मिळव. हे झालं पँटचं आसन. पाठीचं माप घेताना हात कीबोर्डवर ठेवल्यासारखे पुढं कर. टेप दुसऱ्याच्या हातात दे, स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही. कुर्त्याचे बाजूचे कट सीटच्या वरपासून सुरू होऊ देत, नाहीतर बसलं की कटाचं टोक उसवतं.

आता मुंढा. काचतो म्हणून तू तो आणखी खोल कापशील. क्लासातल्या निम्म्या मुली हेच करायच्या. होतं उलटंच. मुंढा जितका खोल, तितका हात उचलला की अख्खा कुर्ता वर चढतो. तुझा चढतोय, म्हणजे तू आधीच खोल कापलायस. पुढच्या वेळी मुंढा वर ठेव आणि बाहीला दंडात सैलपणा दे. शिवून झालेल्या कुर्त्याला काखेत चौकोनी तुकडा घाल. चार इंचाचा काप, चारही बाजूंनी शिवणीसाठी अर्धा इंच माया, तिरका धरून बसव. काखेत कोण बघतंय? थोडं दुसऱ्या रंगाचं असलं तरी चालतं.

खणाला आणखी एक खोड आहे. गुळेदगुड्डचा खण पोलक्यापुरता विणलेला, पन्हा अरुंद. त्याच्या कुर्त्याला जोड येणारच, आणि दिवसभर उठबस केली की त्याच जोडावर ताण येऊन धागे शिवणीतून सरकतात. तेव्हा तीनपैकी दोन कुर्ते उसव आणि त्यांच्या बिनबाहीच्या कोट्या कर. आत ब्लाऊजच्या रुबिया कापडाचं अस्तर घाल, म्हणजे ताण अस्तर घेईल. खाली राखाडी नाहीतर काळा साधा कॉटन कुर्ता, त्याला बकरमचं कडक कापड घालून दीड बोट उभी कॉलर. साहेबांना फॉर्मल म्हणजे कॉलरच हवी असणार, दुसरं काय! असे साधे कुर्ते दोनच शीव. कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळव. हे घाईत राहून जातं, मग पहिल्या धुण्यात उंची कमी होते आणि आपण दुकानदाराला बोल लावतो.

इरकलीचा घेर मात्र काढच. 11 जून 2023पासून आपल्याकडं साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. फार बरं झालं, पण सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिथं एवढा घेर सावरत कुठं चढतेस? निम्म्या कळ्या, म्हणजे घेराच्या तिरक्या पट्ट्या, काढल्या की सरळ कुर्ता होतो. काठ खाली पूर्ण न ठेवता आत वळव, बोटभरच दिसू दे. काढलेल्या कळ्यांचे पँटीला खिसे कर. खिसा नुसता शिवणीत लोंबता ठेवलास तर मोबाइलच्या वजनानं पँट एका अंगाला ओढली जाते. त्याची वरची कड नेफ्यातच शिवून टाक.

फुलांचे फ्रॉक रविवारी घाल, त्यांना कशाला नोकरीला लावतेस!

आणि तुमच्या खानापूरचा पाऊस. कोटी शिवण्याआधीच खणाची कड ओल्या पांढऱ्या रुमालात पाच मिनिटं दाबून धर. रुमाल लाल झाला तर ती कोटी दिवाळीनंतर काढ. पावसाळ्यात ती साध्या कुर्त्याचंही वाटोळं करेल.

मॅडमचं राहिलंच. त्यांनी टोमणा मारला असेल असं मला वाटत नाही. आपल्या भागात सोमवारी सकाळी इरकलीच्या काठाचं कुणी दिसलं की लग्नाचंच विचारतात. मीही विचारलं असतं.