माणूस एकच, सूचना चार : चॅटमधील हजेरीची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात स्वतःचा एक्सएमपीपी (चॅटची एक खुली पद्धत) सर्व्हर आहे. डिझाइनचे साहेब आले की 'ऑनलाईन' दोनदा येतं आणि ते जागेवर असतानाच मध्येच 'गेले' येतं. असं का?
– वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : साहेब कॉम्प्युटर आणि मोबाईल, दोन्हीवरून जोडलेले असणार. चॅटच्या पत्त्याच्या शेवटी तिरप्या रेघेनंतर येतो तो रिसोर्स, म्हणजे त्या जोडणीचं नाव. सर्व्हर प्रत्येक रिसोर्सची हजेरी वेगळी कळवतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी सूचना दाखवतं. रेघेपासून पुढचं कापा आणि उरलेल्या पत्त्यावर हिशेब ठेवा. पहिला रिसोर्स आला की 'आले', शेवटचा गेला की 'गेले'. एक हजर, एक 'अवे' (जागेवर नाही) असेल तर जास्त प्रायॉरिटीचा धरा (प्रायॉरिटी म्हणजे त्या जोडणीचा अग्रक्रम, ती −१२८ ते १२७ असते). उणे प्रायॉरिटीचा रिसोर्स सोडून द्या. नुसत्या पत्त्यावर पाठवलेला मेसेज त्याच्याकडे जातच नाही.

प्रश्न : लाईट जाऊन आली की सगळ्यांच्या 'गेले-आले' सूचना एकदम कोसळतात.
– वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : 'आले' लगेच दाखवा, 'गेले' मात्र ६० सेकंद रोखून धरा. तेवढ्यात माणूस परतला तर दोन्ही रद्द. तुमचीच जोडणी तुटली असेल तर गोष्ट वेगळी : पुन्हा जोडताच सर्व्हर सगळ्यांची हजेरी पाठवतो. पहिली २० सेकंदं ती मुकाट्याने नोंदवा, मग तुटण्याआधीच्या यादीशी ताडून फक्त फरक दाखवा. रिसोर्सचं नावही कायम ठेवा. दर वेळी नवं नाव पडलं तर जुनी मेलेली जोडणी सर्व्हरवर लोंबकळत राहते. राऊटरला छोटा यूपीएस लावाच. निम्मा त्रास तिथेच संपतो.

प्रश्न : मी हजेरीच्या सूचनांसाठी प्लगइन (चॅटच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लिहिलंय. हजेरीचं आधीचं पॅकेट, म्हणजे सर्व्हरकडून आलेला संदेश, आणि आताचं सारखं असेल तर सूचना टाळतो, तरी ती पुन्हा येतेच.
– वाचक, राजारामपुरी

उत्तर : पॅकेट सारखं नसतंच. कुणी फोटो बदलला किंवा स्टेटसमध्ये 'जेवायला' लिहिलं तरी नवी हजेरी येते. तुलना दोनच गोष्टींची करा : हजर आहे का, आणि 'शो'चं, म्हणजे हजेरीतल्या स्थितीच्या खुणेचं, मूल्य काय (अवे, गप्पांना तयार म्हणजे चॅट, व्यत्यय नको म्हणजे डीएनडी, बराच वेळ दूर म्हणजे एक्सए किंवा रिकामं). 'सबस्क्राइब' (हजेरी पाहू देण्याची विनंती) आणि 'एरर' प्रकारची पॅकेटं आधीच बाजूला काढा.

खरी मेख पुढे आहे. शेवटी *आलेली* स्थिती साठवू नका, शेवटी *दाखवलेली* साठवा. समजा 'गेले' रोखून धरलंय, पण नोंद मात्र 'गेले' अशी झाली. माणूस दहा सेकंदांत परतला की प्लगइनला फरक दिसतो आणि 'आले' झळकतं. वापरणाऱ्याला तो गेल्याचं कळलेलंच नसतं!

प्रश्न : पिजिन या चॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच मित्राची दोन खाती आहेत. सूचना एकदाच कशी मिळेल?
– वाचक, शाहूपुरी

उत्तर : यादीत एका नावावर राइट-क्लिक करून 'एक्सपांड' निवडा, मग दुसरं नाव ओढून त्यावर सोडा, दोन्ही एका कॉन्टॅक्टखाली येतील. 'बडी पाउन्स' (ठरावीक माणूस आला-गेला की सूचना देणारी सोय) मात्र खात्यागणिक लागतो, म्हणून तो मित्र रोज वापरतो त्याच खात्यावर ठेवा आणि दुसऱ्यावरचा काढून टाका.