मिर इस्ट काल्ट, म्हणजे मला थंडी वाजते

‘ताई, मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची कराडची. अकरावीपासून जर्मन शिकतेय, गेल्या वर्षी बी-टू पास झाले (ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांतली चौथी). आठ महिने झाले, तीन सिस्टरांना त्यांच्या क्वार्टर्सवर जाऊन जर्मन शिकवते. तिघीही मराठी माध्यमातल्या, जर्मनीत नोकरीसाठी जाणार आहेत. त्यांना आधी क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून शिकवलं आणि त्यांच्या डोक्यावरून गेलं. मी मराठीतून शिकवते. ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’, आपण ‘मी थंड आहे’ म्हणत नाही ना, मग तेही म्हणत नाहीत, असं सांगितलं तेव्हा एक सिस्टर हसायलाच लागली. त्या दोन तासांत मला जे वाटतं ते लॅबमध्ये कधीच वाटत नाही. पण मागच्या महिन्यात त्यातली एक बी-वनच्या तोंडी परीक्षेत नापास झाली. ती काही बोलली नाही, पण मी तिचं नुकसान केलं असं वाटतंय. बाबा म्हणतात, भाषा हा छंद झाला, पोट भरायचं तर डिग्री बघ. फार तर जर्मनीला जाऊन नोकरी कर. मला जर्मनीला जायचं नाही, मला जर्मन शिकवायचंय. बी.एस्सी. सोडून देऊ का? जपानीही सुरू करावीशी वाटते. आणि मी जर्मनी पाहिलेलीसुद्धा नाही, मला शिकवायचा अधिकार आहे का?’

— एक विद्यार्थिनी, पुणे

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या थंडीच्या वाक्यापाशी थांबले. कॉलेजात असताना मीही दोन वर्षं जर्मन शिकले. आम्हाला हे वाक्य इंग्रजीवरून शिकवलं होतं आणि ‘इथे मिर का येतं’ याला उत्तर एकच होतं, ‘अपवाद आहे, पाठ करा.’ मराठी माणसाला तो अपवाद नाहीच, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. तू सांगितलंस.

हे आणखी पुढे नेता येतं, बघ. ‘मला पुस्तक आवडतं’, ‘मला पुस्तकं आवडतात’. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही, पुस्तकांप्रमाणे बदलतं. जर्मनमध्येही तसंच आहे: मिर गेफेल्ट डास बूख, पण मिर गेफालन डी ब्यूशर. इंग्रजीतल्या ‘आय लाइक’वरून चालायला लागलं की इथे पाय घसरतो, मराठीवरून आलेल्याला वाट सरळ आहे. तीन लिंगांचंही तेच. डेर, डी, डास म्हटलं की हिंदीतून येणारा गोंधळतो, कारण त्याच्याकडे दोनच खण. आपल्याकडे तो, ती, ते हे तिन्ही खण जन्मापासून आहेत. डास किंट म्हणजे ते मूल. खणात काय आहे ते मात्र वेगळं, हेही लगेच सांगावं लागतं, नाहीतर पोरी फसतात. आपला सूर्य ‘तो’, त्यांची झोनं ‘ती’.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जर्मनी न पाहिल्यामुळे तुझ्यात काही उणीव राहील, हे खरं आहे. तिथल्या वॉर्डात पेशंट कसा बोलतो, बोलीत शब्द कसे गिळले जातात, हे तुला आज माहीत नाही. कधीतरी काही महिने जाऊन ये, डाड या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्त्यांकडे लक्ष ठेव. पण मराठी डोक्यात जर्मन कशी उतरते हे बर्लिनमध्ये जन्मलेल्या शिक्षकालाही तुझ्याइतकं कळणार नाही. तू स्वतः त्या वाटेनं आली आहेस. अधिकार म्हणतेस तो तिथून येतो.

आता सिस्टरचं. इथे मी गोड बोलणार नाही, कारण तुला शिक्षिका व्हायचंय.

तू लिहिलंयस ‘त्या दोन तासांत मला जे वाटतं’. त्या दोन तासांत बोलतं कोण? मला वाटतं, तूच. तू समजावतेस, उदाहरणं देतेस, त्या वहीत उतरवतात, मान हलवतात, आणि सगळ्यांना वाटतं की आज छान शिकवलं. पण बी-वनच्या तोंडी परीक्षेत समोर सहसा दुसरी परीक्षार्थी असते. तिच्याबरोबर काहीतरी ठरवायचं असतं, मग एका विषयावर बोलायचं, आणि शेवटी प्रश्नांना उत्तरं द्यायची. तिथे व्याकरण कळलेलं असणं पुरत नाही. आठ महिन्यांत ती बाई तुझ्यासमोर सलग तीन मिनिटं जर्मन बोलली असेल असे दिवस किती होते, ते आठवून बघ.

तेव्हा तुझा तास उलटा कर. दोन खुर्च्या समोरासमोर मांड, तू बाजूला बस. मेट्रन रिटायर होतेय, निरोप समारंभ ठरवायचाय: कधी, कुठे, भेट काय, पैसे कोण गोळा करणार. दोघींनी जर्मनमध्ये ठरवायचं. चुकल्या तरी मध्ये बोलायचं नाही, फक्त लिहून ठेवायचं. शब्द सुचला नाही तर काय म्हणायचं, वेळ कसा काढायचा, ‘पुन्हा सांगाल का’ कसं विचारायचं, ही चार-पाच वाक्यं आधी तोंडात बसवून घे. नाइट ड्यूटी करून आलेल्या बाईला वही नको असते गं, पण बोलायला लावलं तर ती जागी होते.

दुसरी चूक थोडी मोठी आहे. तू बी-टू आहेस आणि बी-वनची तयारी करून घेतेस, म्हणजे जेमतेम एक पायरी वर. माझ्या मते शिकवणाऱ्यानं निदान दोन पायऱ्या वर असावं. ए-वन आणि ए-टू तू आज निर्धास्त शिकव. पुढच्यांसाठी तुझं सी-वन होईपर्यंत एखाद्या अनुभवी शिक्षकाचा हात धर, आणि तुझ्या विद्यार्थिनींना ते मोकळेपणानं सांग. याच कारणासाठी जपानी आत्ता नको. मला माहीत आहे, ती भुरळ घालणारी आहे, तिचा अ-इ-उ-ए-ओचा तक्ता आपल्या वर्णमालेच्या नात्यातला आणि क्रियापद मराठीसारखं शेवटी. सी-वन झाल्यावर खुशाल घे.

बी.एस्सी. सोडू नकोस. बाबांचं मन राखण्यासाठी म्हणत नाहीये. तुझ्याच रस्त्यावर पदवी लागणार आहे. जर्मनचा ठरावीक स्तर गाठलेल्या दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांनाही एम.ए.ला घेतात, पण नियम बदलत असतात, म्हणून फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात स्वतः जाऊन विचार. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा, नेटला जर्मन हा विषय आहे. शाळेत शिकवायचं तर बी.एड.चं बघावं लागेल. आणि शिकवणं हे शिकावं लागतं. ग्योथं इन्स्टिट्यूटचा, म्हणजे आपल्या मॅक्स म्युलर भवनाचा, त्यासाठीच ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ नावाचा कार्यक्रम आहे. जर्मन शिकवायला शिकणे, एवढाच त्याचा अर्थ. तुझ्यासाठी मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

बाबांशी भांडू नकोस. बॅचेस कधी भरतात, कधी रिकाम्या राहतात, कॉलेजातल्या कायमच्या जागा थोड्या आहेत, ही त्यांची काळजी खोटी नाही. ते ‘छंद’ म्हणतात कारण त्यांनी तुला शिकवताना पाहिलेलं नाही. दिवाळीत घरी जाशील तेव्हा कागदावर हिशेब घेऊन जा: सी-वन कधी, फी किती, पदवीनंतर किती महिने तुला त्यांच्याकडून हवेत, आणि तेवढ्यात जमलं नाही तर तू काय करशील. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू नकोस, बाप माणूस आधी तोच वाचतो. आणि जमलं तर एखाद्या रविवारी त्यांना क्वार्टर्सवर घेऊन जा, कोपऱ्यात बसव. भाषा कळली नाही तरी चालेल, तीन दमलेल्या बायका कशा बोलू लागतात ते दिसेल.

पण त्याआधी आजच त्या सिस्टरला फोन कर. माफी मागत बसू नकोस, तिला अवघडल्यासारखं होईल. ग्योथंच्या बी-वनमध्ये वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग वेगळे असतात, प्रत्येकात शंभरातले 60 लागतात, आणि राहिलेला एकच भाग पुन्हा देता येतो. तिनं तीच परीक्षा दिली असेल तर बाकीचे तीन तिच्या हातात आहेत, हे तिला माहीत आहे का ते विचार. नसेल तर सांग, आणि पुढची तारीख कधीची ते दोघी मिळून बघा.

सस्नेह,
तुझी ताई