परक्या गावात मदत मागताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीचा व्हिसा आल्याचं कळलं, फार बरं वाटलं. "ताई, तिथे अडले तर आपलं कोण?" असं तू विचारलंस. फोनवर घाईत उत्तर देण्यापेक्षा नीट लिहावंसं वाटलं.

जर्मनीत माणसं सहसा आपणहून पुढे येत नाहीत. आपल्याकडे स्टेशनवर कुणी बॅगा घेऊन गोंधळलेलं दिसलं की चार जण "कुठं जायचंय?" विचारतात. तिथे न सांगता चौकशी करणं म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसणं. म्हणून सुरुवातीला सगळे तुसडे वाटतील. पण तू तोंड उघडून नेमकं विचारलंस, की त्यांच्यातलाच कुणी हातातलं बाजूला ठेवून तुझं काम तडीस नेतो.

मी शिकत असताना डिसेंबरातल्या एका संध्याकाळी गॉटिंगेनला परतत होते. गाडीला उशीर झाला आणि कासेल-विल्हेल्म्सहोए स्टेशनवर पुढची गाडी चुकली. फोन बंद पडलेला, तिकीट फक्त साध्या गाड्यांना चालणारं, आयसीई या वेगवान गाडीत बसायची सोय नाही. बाकावर एक वयस्क जोडपं होतं. चेहऱ्यावरून काही कळेना, तरी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "या तिकिटावर गॉटिंगेनला पुढची गाडी कोणती?" आजोबा काही न बोलता उठले, चष्मा लावला आणि पिवळ्या वेळापत्रकावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. वेळ आणि फलाट त्यांनी कागदावर लिहून दिला. गाडीला बराच अवकाश होता. मी कुडकुडतेय हे आजींनी पाहिलं आणि मला बानहोफ्समिसिओन नावाच्या मदत केंद्राच्या खोलीत नेलं.

हे नाव पाठ करून ठेव. चर्चच्या संस्था हे मदत केंद्र चालवतात. १८९४ मध्ये बर्लिनला त्याची सुरुवात झाली, ती कामाच्या शोधात शहरात येणाऱ्या एकट्या तरुण मुलींना आधार म्हणून. आज देशभरात सुमारे शंभर स्टेशनांवर ही केंद्रं आहेत. धर्म, पासपोर्ट, पैसे, काहीही आड येत नाही. निळ्या जाकिटातल्या एका स्वयंसेविकेने मला गरम चहा दिला, फोन चार्जिंगला लावून दिला. घरी आई वाट बघत होती. तिच्याशी बोलले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आजी-आजोबा तोवर त्यांच्या गाडीने निघून गेले होते. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

तुला मी ओळखते. "कशाला कुणाला त्रास द्यायचा" म्हणून तू गप्प बसशील. भीड ही भिकेची बहीण, हे तिथे पदोपदी पटेल. "मला मदत कराल का?" असं मोघम विचारू नकोस. काय हवं ते एका वाक्यात सांग. कुणी सरळ "वेळ नाही" म्हणेल. तो अपमान नव्हे. मग दुसऱ्या कुणाला तरी विचार. कधी तुझ्या रंगाकडे बघून कुणी तिरसटपणे वागेल, तेही घडतं. तिथे थांबू नकोस. रात्री एकटी असशील तर गणवेशातल्या माणसाला किंवा दुकानदाराला विचारावं. पासपोर्ट कुणाच्या हाती द्यायचा नाही. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२.

शेजाऱ्यांशी ओळख बहुतेक पार्सलमुळे होईल. तू घरी नसलीस तर पार्सल पुष्कळदा शेजाऱ्यांकडे ठेवून तुझ्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकतात. ते घ्यायला जाशील तेव्हा दारातच नाव सांग, नवीन आलेय म्हण. कोणता कचरा कोणत्या डब्यात, हे तिथल्या आजी तुला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं समजावतील. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेव.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो आत्ताच मागून घे. मिळाला की मला कळव, बाकीच्या कागदांचं मग बोलू.

तुझी,
ताई