घाणेरीची मुळं आणि दोन गुंठे माळ

पुण्याच्या वेताळ टेकडीवर आम्ही काही जण दर रविवारी सकाळी घाणेरी, म्हणजे टेकडीवरचं गवत दाबून टाकणारं लॅन्टाना हे परदेशी काटेरी झुडूप, काढायला जातो, याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो आहे. घरामागच्या टेकडीवर घाणेरीचं रान माजलंय. आम्ही सात-आठ मित्र आठवड्याला दोन तास देऊ शकतो. कोयते घेऊन थेट सुरुवात करावी का? – एक वाचक, तळेगाव दाभाडे

कोयते घरीच ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं. मे महिन्यात सहा जणांनी तीन रविवार घाम गाळून घाणेरी जमिनीलगत छाटली. जागा मोकळी दिसायला लागली, फोटोही काढले. ऑगस्टमध्ये पाहिलं तर एकेका बुंध्यातून सात-आठ धुमारे फुटलेले आणि जाळी पहिल्यापेक्षा दाट झालेली. घाणेरीचा जीव खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीत असतो. ती गाठ जमिनीत राहिली की तुमची छाटणी तिच्या फायद्याचीच ठरते. जाळलीत तरी ती पुन्हा फुटते, वर शेजारचं गवत आणि गवतातली अंडी-पिल्लं मात्र जातात.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात यावर जी रीत बसवली, ती साधी आहे आणि आम्ही तीच वापरतो. बुंध्याभोवतीची माती बाजूला करायची, गाठीच्या खाली सोटमूळ तोडायचं, झुडूप उचलून उलटं करून ठेवायचं. मुळं आभाळाकडे, फांद्या खाली. मुळांना माती लागली नाही की ती वाळून जातात. मी साधारण चार बोटं माती उकरते. लहान कुदळ, एक पहार आणि चामड्याचे हातमोजे एवढं पुरतं. हातमोजे खरंच घ्या, जुन्या घाणेरीचे काटे सुती मोज्यातून आरपार जातात.

पण त्याआधी टेकडी कोणाची आहे ते शोधा. वन खात्याची, पालिकेची, गायरान की देवस्थानाची? आमच्याच टेकडीचा एक भाग वन खात्याकडे आहे, दुसरा पालिकेकडे. राखीव वनात १९२७ च्या वन कायद्यामुळे परवानगीशिवाय कशालाच हात लावता येत नाही, भले तुमचा हेतू चांगला असो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. जागेचा हाताने काढलेला नकाशा, काय काढणार आणि काय काढणार नाही याची यादी सोबत जोडा. वनरक्षकांना पहिल्या दिवशी बरोबर यायची विनंती करा. कुठली पायवाट मोराची, कुठल्या घळीत पाणी टिकतं, हे त्यांच्याकडून जितकं शिकायला मिळालं तितकं मला पुस्तकांतून मिळालं नाही.

सुरुवात कुठून करायची? सगळ्यांचे पाय आपोआप सर्वांत दाट जाळीकडे वळतात. तुम्ही उलट्या टोकाने या. जिथे गवत अजून चांगलं आहे आणि घाणेरीची एखाद-दुसरीच झुडपं आहेत, तिथून काढत काढत दाट भागाकडे सरका. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० च्या दशकात असंच काम केलं. स्थानिक झाडोरा जितक्या वेगाने मोकळी जागा भरून काढेल तितकंच तण काढायचं, त्याहून जास्त नाही, हा त्यांचा नेम होता. मला तो फार पटतो. एकदम मोकळी झालेली माती कोणाची तरी वाट बघत असते, आणि सगळ्यांत आधी पोचतं ते गाजरगवत.

आम्ही साडेचार तास राबून दोन गुंठे मोकळे केले. पहिल्या पावसाळ्यात तिथे गाजरगवत आलं, दुसऱ्या वर्षी रानतुळस. दोन्ही बाहेरून आलेलीच. दोन्ही वेळा मंडळी खचली आणि चार जण यायचे थांबले. आम्ही उरलेल्यांनी दोन्ही फुलांवर यायच्या आत उपटली, बोटभर उंचीची घाणेरीची रोपंही उपटली. बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळं खाऊन बिया टाकत राहतात, त्यामुळे ही रोपं दर पावसाळ्यात उगवणारच. तिसऱ्या वर्षी कडेने कुसळी गवत आत सरकलं, मग शेजारच्या उतारावरून आणून टाकलेल्या बियांमधून पवन्या आणि मारवेल ही माळावरची गवतं आली. पाचव्या पावसाळ्यात तिथे टिटवीने चार अंडी घातली. माळाच्या त्या तुकड्यात उघड्यावर, गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच. त्या दिवशी आम्ही कुणीच कुदळ उचलली नाही, वळसा घालून खाली आलो.

म्हणून तुमच्या सात-आठ जणांना माझं एकच सांगणं आहे. दोन गुंठेच घ्या, पण पाच वर्षांसाठी घ्या.

आणि काळ सांभाळा. जून-जुलैत माती मऊ असते तेव्हा मुळं सहज निघतात. एप्रिलमध्ये एकदा आमच्यातल्या एकाने उलटी केलेली जाळी मी उचलली, तर आत लालबुड्या बुलबुलाचं घरटं होतं, पिल्लं खाली पडलेली. तेव्हापासून प्रत्येक जाळीसमोर आधी पाच मिनिटं थांबून बघायचं असा आमचा नियम आहे. पक्षी चोचीत किडा घेऊन घुटमळत असेल, तर ती जाळी त्या वर्षी तशीच राहते.

घाणेरीवर किती फुलपाखरं येतात! ती काढून तुम्ही त्यांच्या तोंडचा घास काढत नाही का? – एक वाचक, सातारा

प्रश्न योग्य आहे, मलाही तो सुरुवातीला छळायचा. फुलपाखरू मध पिताना दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं त्याचं पोट तिथेच भरतं. पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडच लागतं, कारण अळी दुसरं काही खात नाही. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आपल्या ओळखीचं केशरी-काळं फुलपाखरू, ज्याला प्लेन टायगर म्हणतात, ते रुईवर. घाणेरीच्या दाट जाळीखाली उजेड पोचत नाही, तिथे रुईही उगवत नाही आणि गवतही नाही. म्हणजे मोठ्यांना खायला आणि पिल्लांना उपास, अशी स्थिती होते. तरीही तुमच्या शंकेचा मान राखून आम्ही सगळी घाणेरी एका हंगामात काढत नाही. टप्प्याटप्प्याने काढतो, तोवर मोकळ्या जागेत तेरडा आणि सोनकी फुलायला लागतात.

आमच्या टेकडीवर गिरिपुष्पच गिरिपुष्प आहे. तेही परदेशी ना? तोडून टाकावं का? – एक वाचक, कोथरूड

नाही. ते झाड आहे, झुडूप नव्हे. शहरात विनापरवाना झाड तोडणं हा १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय मोठं गिरिपुष्प अचानक काढलं तर मोकळ्या उन्हात घाणेरी आणि सुबाभूळ दोन पावसाळ्यांत जागा घेतात. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, उंदीरमारी असंही त्याला म्हणतात. उघड्या टेकड्या पटकन हिरव्या व्हाव्यात म्हणून ते लावलं गेलं. त्याच्या सावलीत कुठेतरी मेडशिंगी, सालई, हेंकळ, पांढरफळी या इथल्याच झाडाझुडपांची आपोआप आलेली रोपं असतात. गुडघ्यावर बसून ती शोधा, भोवती दगडांचं आळं करा, उन्हाळ्यात आठवड्याला एक बाटली पाणी द्या. नवं गिरिपुष्प मात्र कुणी लावत असेल तर हात जोडून थांबवा.

आजी, मी आठवीत आहे. दिवाळीआधी टेकडी केशरी फुलांनी भरते, आम्ही तिथे फोटो काढतो. आई म्हणते, तुम्ही ती फुलं उपटता. का? – एक छोटी वाचक, पाषाण

बाळ, ती कॉसमॉसची फुलं मलाही सुंदर वाटतात. माझ्या अंगणात झेंडू आहे, तोही मेक्सिकोचाच, आणि मी तो कधी उपटणार नाही, कारण तो कुंपण ओलांडून टेकडीवर जात नाही. कॉसमॉस जातो. त्याची एक-दोन रोपं भरपूर बिया टाकतात आणि काही वर्षांत पूर्ण उतार केशरी होतो. त्या उतारावर आधी काय होतं, ते तू पाहिलेलं नाहीस, म्हणून तुला त्याची उणीव वाटत नाही. मी पाहिलंय. नखाएवढी पिवळी कवल्याची फुलं होती. कंदीलपुष्पाचे वेल होते, खरोखरच छोट्या कंदिलासारख्या फुलांचे. माझ्या ओळखीच्या उतारावर मला या वर्षी एकच वेल सापडला.

ऑगस्टमध्ये, फुलं येण्याआधी, कॉसमॉसचं रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतं. तुझ्यासारख्या हातांना ते काम मोठ्यांपेक्षा बरं जमतं. आईला घेऊन ये. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, पायात बूट, पाण्याची बाटली. गाजरगवताला मात्र उघड्या हाताने शिवायचं नाही, अंगाला खाज सुटते आणि काहींना श्वासाचाही त्रास होतो. येताना एक वही आण. त्या एका कंदीलपुष्पाच्या वेलाशेजारी बसून आपण त्याचं चित्र काढू, कुठे उगवलाय ते मात्र कुणाला सांगायचं नाही.