ऑस्ट्रेलियाचा इतिहास: आधी काय बघावं, काय वाचावं

सुरुवात गॅलिपोलीपासून करू नकोस. पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये, ऑस्ट्रेलियन सैनिक तुर्कस्तानात लढले ती ही लढाई; तिच्यावर चित्रपट-मालिका ढीगभर आहेत, आणि 'राष्ट्र तिथेच जन्मलं' हे ऐकून ऐकून खरं वाटायला लागतं. आधी एसबीएस या ऑस्ट्रेलियन वाहिनीची २००८ची 'फर्स्ट ऑस्ट्रेलियन्स' ही माहितीपट-मालिका बघ. सातच भाग आहेत, पण १७८८मध्ये सिडनीला आलेली ब्रिटिश कैद्यांची जहाजं किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांना कशी दिसली, ते कळतं.

मग केट ग्रेनव्हिलची कादंबरी 'द सीक्रेट रिव्हर'. लंडनहून हद्दपार झालेला नावाडी सिडनीजवळच्या हॉक्सबरी नदीकाठची मूळ रहिवाशांची जमीन बळकावतो. तो आपल्याला आवडतही असतो, गोची तिथेच आहे! (कादंबरी म्हणूनच वाच हं, तिकडच्या काही इतिहासकारांनी तिच्यावर टीका केली होती.) तिच्यावरची एबीसी वाहिनीची २०१५ची मालिका नंतर. त्याआधी मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काच्या माबो खटल्याची माहिती काढ: 'ब्रिटिश येण्याआधी ही जमीन कुणाचीच नव्हती' हा दावा ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाने १९९२मध्ये मोडीत काढला.