फाइल पुन्हा लॉगिन करण्याआधी

कोल्हापूर, शुक्रवार रात्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गाडीच्या कर्जासाठी टाकलेली तुझी फाइल तीन ठिकाणांहून परत आली हे तू मला सांगितलं नाहीस, आण्णांकडून कळलं. आता चौथ्या शोरूमला जातोय असंही ते म्हणाले. म्हणून घाईने लिहितोय. तिकडे आत्ता जाऊ नकोस.

गोकुळ शिरगावची दुसरी पाळी सुटल्यावर रोज कुणाच्या तरी मागे बसून चिखली गाठायची, ज्याची गाडी त्याच्या वेळेने निघायचं, हे किती जीवावर येतं ते मला ठाऊक आहे. गाडी ही तुझी हौस नाही, गरज आहे. पण मी वीस वर्षं दुचाकीच्या शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर बसलो. तिथून सांगतो, घाईत टाकलेली चौथी फाइल बहुतेक वेळा पहिल्या तिघींच्याच वाटेने जाते. प्रत्येक वेळी फाइल लॉगिन झाली, म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीकडे अर्ज नोंदला गेला, की ती कंपनी तुझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्जा-हप्त्यांचा इतिहास, मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टवर राहते. थोड्या दिवसांत अशा चार-पाच चौकशा दिसल्या की पुढच्याला वाटतं, या मुलाला पैशांची फार निकड आहे आणि कुणी देत नाही. कधीकधी शोरूममधला माणूस एकाच दुपारी तीन कंपन्यांकडे फाइल टाकतो आणि ते तुला कळतही नाही. पुढे कुठेही कागद देताना ‘मला विचारल्याशिवाय दुसरीकडे टाकू नका’ एवढं स्पष्ट सांग.

आधी स्वतःचा रिपोर्ट काढ. आपण आपला रिपोर्ट पाहिला म्हणून त्यावरचा पत दाखवणारा स्कोअर कमी होत नाही. देशात असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. पण त्या एका आकड्याकडे बघून खचू नकोस. कर्जासाठी अमुक इतका स्कोअर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवलेला नाही. प्रत्येक कंपनी आपापली रेघ ओढते. खरं वाचायचं ते आकड्याखाली असतं: कुठलं खातं, कुठल्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला, आणि खात्यापुढे शेवटी काय शब्द लिहिलाय.

तुझ्या बाबतीत तो शब्द मला आत्ताच दिसतोय. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी चिखलीत शिरलं, तुम्ही जनावरं घेऊन बाहेर पडलात आणि तुझ्या मोबाइलचे तीन हप्ते चुकले. नंतर वसुलीवाला घरी आला, ‘एवढे भरा, विषय संपला’ म्हणाला. आण्णांनी दूधबिलातून पैसे काढून दिले. तुम्हाला वाटलं कर्ज फिटलं. कंपनीच्या वहीत ते फिटलेलं नाही, ‘सेटल्ड’ आहे. म्हणजे घेणं होतं त्यापेक्षा कमी घेऊन सोडून दिलं. ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ या दोन शब्दांत केवढं अंतर आहे हे तो माणूस सांगत नाही, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. पुरातून नुकती सावरलेली माणसं समोरचा म्हणेल तिथे सही करतात. तो शब्द रिपोर्टवर वर्षानुवर्षे राहतो.

त्यावर इलाज आहे. त्या कंपनीला लेखी विचार, सेटलमेंटच्या वेळी किती रक्कम सोडली होती. ती फार नसणार. ‘उरलेली रक्कम भरतो, खातं क्लोज्ड म्हणून कळवा आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचं, पत्र द्या’ असं ईमेलवर माग. त्यांचा होकार लेखी आल्याशिवाय एक रुपयाही भरू नकोस आणि रोख तर मुळीच नको. भरलेले पैसे रिपोर्टवर दिसत नसतील तर सिबिलकडे आणि कंपनीकडे तक्रार टाक. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला त्यांना तुला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही.

माझंच सांगतो. टीव्हीचं कर्ज मी वेळेआधी फेडलं होतं, आणि चार वर्षांनी घराच्या कर्जाला गेलो तर रिपोर्टवर ते खातं उघडंच. कंपनीने कळवलंच नव्हतं. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं कंपनीचं पत्र, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं, पण दोन महिने गेले.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाक. आण्णांनी पतसंस्थेचं कर्ज कधी थकवलं नाही, ते आपल्या उपयोगी पडेल असं तू म्हणत होतास. पतसंस्थेचे व्यवहार सहसा सिबिलमध्ये दिसत नाहीत, आणि ते आण्णांचे आहेत, तुझे नव्हेत. आण्णांना सहअर्जदार किंवा जामीनदार करता येईल. दर दहा दिवसांचं दूधबिल त्यांच्या बँक खात्यात जमा होतं, तो उत्पन्नाचा चांगला पुरावा आहे. पण मग तुझा हप्ता चुकला की डाग त्यांच्या नावावरही पडेल. त्यांना हे समोर बसवून समजावून सांग, मगच सही घे. आणि मित्राच्या नावावर गाडी उचलून हप्ते आपण भरायचे, हा विचार डोक्यात असेल तर तो सोड. त्यात गाडीही गेलेली पाहिली आणि मैत्रीही.

आता हिशेब. समज, गाडी ऑन-रोड १ लाख १० हजारांना पडते. तीस हजार तू भरलेस, ८० हजार कर्ज. ‘फक्त ११ टक्के’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचार, फ्लॅट की रिड्यूसिंग? ११ टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षं पूर्ण ८० हजारांवर व्याज. ते २६,४०० होतं आणि हप्ता साधारण २,९५६. मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर! रिड्यूसिंगच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरायच्या, भाषेत हा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. १५ टक्के रिड्यूसिंगने तेच कर्ज घेतलंस तर हप्ता २,७७३ च्या आसपास आणि व्याज वीस हजारांच्या आत. कानाला ११ स्वस्त लागतं, खिशाला १५. म्हणून सहीआधी की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद माग. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेलं असतं. जुना डाग असलेल्याला दर थोडा चढाच मिळतो, ते गृहीत धर. तो खाली आणायला डाउन पेमेंट वाढवण्यासारखा उपाय नाही, कारण तेवढा त्यांचा धोका कमी होतो.

तुझा पगार सात ते दहा तारखेला होतो ना? मग हप्त्याची तारीख पाच घेऊ नकोस. मी कितीतरी पोरांचे हप्ते निव्वळ तारखेमुळे बाउन्स होताना पाहिले. पैसे येणारच होते, चार दिवस उशिरा. तेवढ्यासाठी बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि रिपोर्टवर नोंद.

दसऱ्याला गाडी दारात हवी होती, मला माहीत आहे. गुढीपाडव्याला घे. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत साडेपाच-सहा महिने मिळतात. तेवढ्यात तो ‘सेटल्ड’ निस्तरेल. दर महिन्याला पाच हजार बाजूला टाकलेस तर डाउन पेमेंट उभं राहील. जमलं तर बँकेत दहा-पंधरा हजारांची एफडी करून तिच्यावर मिळणारं क्रेडिट कार्ड घे, महिन्याला पेट्रोल-किराण्यापुरतं वापर आणि बिल पूर्ण भर, नुसतं किमान देणं नव्हे. वेळेवर भरल्याच्या ताज्या नोंदी जुन्या डागाशेजारी दिसू लागतात. ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना आधार-पॅन देऊ नकोस. खरी नोंद पुसायचा अधिकार कुणालाच नाही आणि चुकीची नोंद तू स्वतः फुकट दुरुस्त करू शकतोस.

कर्ज फिटलं की एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवून घ्यायचा, हे तीन वर्षांनी मी आठवण करीनच.

रविवारी सकाळी ये. रिपोर्टची प्रत, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिपा आणि त्या वसुलीवाल्याने दिलेली पावती, फाटकी असली तरी, घेऊन ये. कंपनीला पाठवायचं पत्र आपण इथेच बसून लिहू. आणि पाडव्यापर्यंत माझी जुनी गाडी तू वापर. विमा चालू आहे, पीयूसी संपलंय, ते उद्याच काढून आणतो.

तुझा,
काका